आमचा स्वीप रायडर गेला. वहिनींना काय सांगू, आणि कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

पौडचा_बुलेटवाला
ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो होतो. आमच्यात तो कायम स्वीपला, म्हणजे सगळ्यांच्या मागे. कोणाची गाडी बंद पडली की थांबायचं काम त्याचं. पंक्चर किट, दोर, प्रथमोपचाराची पेटी, सगळं त्याच्या सॅडलबॅगेत. घाट उतरून आम्ही विळ्याला चहाला थांबलो, तो आलाच नाही. घाटात रेंज नसते, म्हणून फोन लागेना तरी आधी काही वाटलं नाही. परत वर गेलो तर वळणावर गर्दी. टेम्पो धडक देऊन पळाला होता, नंबर कोणी पाहिला नाही. एका कारवाल्याने रेंजमध्ये जाऊन १०८ ला फोन केला, एका गावकऱ्याने शेवटपर्यंत त्याची मान हलू दिली नाही. दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

वहिनी विचारतात, "जवळ कोण होतं? काही बोलले का?" आमच्यातलं कोणीच नव्हतं. हे कसं सांगू? शिवाय टेम्पो सापडला नाही तर एक रुपया मिळणार नाही, असं नातेवाईक म्हणताहेत. मुलगी सातवीत आहे, घराचे हप्ते चालू आहेत.

क्लेमची_कामं
नातेवाईक म्हणतात तसं नाही. आधी गाडीची पॉलिसी शोधा. आरसी त्याच्या नावावर असेल, लायसन्स चालू असेल आणि मालक-चालक वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ता भरलेला असेल, तर वारसाला १५ लाख मिळतात. त्यात चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. कंपनीला आजच लेखी कळवा. एफआयआर, पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. टेम्पो नाहीच सापडला तर २०२२ च्या हिट अँड रन योजनेत २ लाख आहेत. अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्जाची चौकशी करा. सापडला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्यात त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकील आत्ताच गाठा.

सातारी_रायडर
आमचाही एक जण असाच गेला. मोडलेल्या गाडीचे फोटो ग्रुपवरून फिरत फिरत त्याच्या आईच्या मोबाईलवर पोचले. त्या माऊलीचं काय झालं ते लिहवत नाही. क्लेमसाठी एकाजवळ ठेवा, बाकी सगळ्यांना आजच डिलीट करायला लावा. हात जोडून सांगतो.

दोन_मुलांची_आई
माझे यजमान अपघातात गेले. मित्र म्हणाले, "जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही." पुढे क्लेमसाठी पीएम रिपोर्ट हातात आला तेव्हा खरं कळलं, आणि त्या मित्रांचा एकही शब्द मला खरा वाटेना. तुम्ही खरं ते सांगा. आणि जवळ कोणीच नव्हतं असं का म्हणता? तो गावकरी होता ना! त्याला शोधा, काय झालं ते विचारा. वहिनींची इच्छा असेल तर भेट घालून द्या. तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि घर खायला उठतं, तेव्हा घरी जात राहा. मुलीच्या शाळेची फी, गॅस, बँक, असलं एकेक काम अंगावर घ्या. "काही लागलं तर सांगा" म्हटल्यावर कोणी बाई फोन करत नाही.

पौडचा_बुलेटवाला
ताई, त्या गावकऱ्याला विचारावं हे सुचलंच नव्हतं. फोटो सगळ्यांनी काढून टाकले. पॉलिसी सापडली, मालक-चालकचा हप्ता भरलेला आहे. रविवारी ताम्हिणीला जातोय, वहिनींचा भाऊही येतो म्हणाला.