ब्लूमबर्ग महापौर म्हणून खरंच कसा होता? न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्यांनी सांगा

कट्टेकरी: आमच्या ग्रुपवर काल परत तोच वाद झाला, शहर एखाद्या मोठ्या बिझनेसमनच्या हातात द्या म्हणजे सगळं सुतासारखं सरळ येईल, आणि उदाहरण कायम मायकेल ब्लूमबर्गचं. मला एवढंच माहितीये की १९८१ ला सॉलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेनं नोकरीवरून काढलं, हातात १ कोटी डॉलर पडले, त्यातून आर्थिक बाजाराची माहिती देणाऱ्या टर्मिनलची कंपनी काढली आणि पुढे २००२ ते २०१३ महापौर. त्या काळात तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे? ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.

क्वीन्सवासी: मी १९९० पासून इथे आहे त्यामुळे पूर्ण १२ वर्षं बघितलीत. पगार वर्षाला फक्त १ डॉलर घ्यायचा आणि काम दिसायचं हो. २००३ च्या आधी बारमध्ये अर्धा तास बसलं तरी शर्टाला सिगरेटचा वास असा बसायचा की दोन धुण्यांत जायचा नाही, बंदी आली तेव्हा बारवाले जाम ओरडले पण आज कुणाला ते परत नकोय. त्याच वर्षी तक्रारींसाठी ३११ हा फोन नंबर आला, खड्डा असो, हीटिंग बंद असो, एकच नंबर. २००९ च्या उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवे गाड्यांना बंद करून चक्क अंगणात टाकतात तसल्या फोल्डिंगच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती, तिचे गुडघे दुखायचे, तिला भर रस्त्यात खुर्चीवर बसवून भेळेचा डबा उघडला तो दिवस मी विसरणार नाही.

ब्रुकलिनकर: दादा, हे सगळं खरंय, पण स्टॉप अँड फ्रिस्क, म्हणजे पोलिसांनी संशयावरून लोकांना रस्त्यात थांबवून झडती घ्यायची पद्धत, त्याबद्दल बोलल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलताच येत नाही. एकट्या २०११ मध्ये ६,८५,००० च्या वर लोकांना रस्त्यात थांबवलं, दहातले जवळपास नऊ कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो, आणि दहातल्या जवळपास नऊ जणांना ना अटक ना दंड, म्हणजे काहीच केलेलं नव्हतं. शाळेतनं घरी निघालेल्या पोराला हात भिंतीला टेकवून उभं करायचं, खिसे चाचपायचे, येणारेजाणारे बघतायत, आणि परवा पुन्हा तेच, त्या पोराच्या मनात शहराबद्दल काय राहणार सांगा. ऑगस्ट २०१३ ला कोर्टानं हे ज्या पद्धतीनं चाललंय ते घटनाबाह्य ठरवलं तरी हा म्हणत राहिला की याच्यामुळेच लोकांचे जीव वाचले. २०१४ मध्ये थांबवण्याचं प्रमाण ५०,००० च्या खाली आलं, खून काही वाढले नाहीत. माफी मागितली ती नोव्हेंबर २०१९ ला, आमच्या ब्रुकलिनमधल्या चर्चमध्ये, आणि आठवड्याभरात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा! मला ती माफी पटलेली नाही.

जर्सीकाका: मला तिसऱ्या टर्मचा राग जास्त. महापौराला दोनच टर्म हे लोकांनी १९९३ आणि १९९६ असं दोनदा मतदान करून ठरवलेलं. २००८ ला मंदी आली, याचं म्हणणं की अशा वेळी माझ्यासारखा माणूस हवा, आणि कौन्सिलनं २९ विरुद्ध २२ मतांनी नियम बदलला, लोकांना विचारलंच नाही. ज्या संस्था त्याच्या देणग्या घ्यायच्या त्यांना पाठिंब्यासाठी उभं राहा म्हणून सांगितल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. आता देणगी थांबेल ही भीती असताना नाही कोण म्हणणार? मग निवडणुकीत स्वतःचे १० कोटींच्या वर डॉलर ओतले आणि तरी विरोधी उमेदवार बिल थॉम्प्सनपेक्षा जेमतेम साडेचार टक्के पुढे. २०१० ला लोकांनी मर्यादा परत दोनवर आणली.

कट्टेकरी: हे टर्मचं आमच्या ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. आणि एक लक्षात आलं, तिथे महापौराच्या हातात खरी सत्ता आहे, मुंबईत ती आयुक्तांकडे, मग तुलना करायची तरी कशी. क्वीन्सवासी, तुम्ही स्वतः मत कुणाला दिलं होतं, विचारलं तर चालेल ना?

क्वीन्सवासी: चालेल की. २००५ ला त्यालाच दिलं, अगदी मनापासून. २००९ ला थॉम्प्सनला. काम कमी पडलं म्हणून नाही, आम्ही दोनदा ठरवलेलं त्यानं आम्हाला न विचारता मोडलं म्हणून.