सकाळी साडेपाच ते साडेआठ घर कसं सांभाळता? नोकरी, शाळा, मोठी माणसं आणि एक दिवसाआड पाणी (इंदूर)

माळव्याची_लेक

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. आम्ही सुदामा नगरात राहतो, घरात सहा माणसं. आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. जूनपासून मी परत नोकरी धरलीये, ऑफिस विजय नगरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पावणेनऊला घर सोडलं नाही तर ट्रॅफिकमध्ये सापडलेच.

कामाची मला भीती नाही, भरल्या घरात वाढलेय. त्रास होतो तो याचा, की घरातली प्रत्येक गोष्ट माझ्या एकटीच्या डोक्यात असते. आज पाण्याचा दिवस आहे का, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगायचंय, मुलाची ड्रॉइंगची वही संपली, सिलिंडर लावून किती दिवस झाले, बाबांची गोळी. नवरा करत नाही असं मी म्हणणार नाही, सांगितलं की लगेच उठतो, पण सांगावं लागतं, आणि ते सांगणंच मला सगळ्यात जड जातं.

मागच्या मंगळवारी पाण्याचा दिवस होता, मोटर लावली आणि डबे भरायला वळले, तेवढ्यात मुलाचा एक मोजा सापडेना, तो शोधेपर्यंत टाकी भरून गच्चीवरून पाणी धो धो खाली, शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा कळलं. तोवर कचरागाडी निघून गेली. आणि या सगळ्यात बाबांनी बीपीची गोळी घेतली की नाही हे ना त्यांना आठवेना ना मला, परत द्यायची हिंमत होईना आणि नाही दिली तर दिवसभर जीव टांगणीला. त्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये रडू आलं मला.

तर तुमच्या घरी सकाळ कशी चालते ते खरंखुरं सांगा. टाइमटेबल छापून भिंतीला लावा असलं नको, ते दोनदा करून झालंय.

---

राजेंद्रनगरच्या_काकू

अगं बाळ, वाचलं आणि माझी नोकरीची सगळी वर्षं डोळ्यासमोर आली. मी शाळेत शिकवायचे, सकाळची शाळा, सातला हजर.

आधी पाण्याचं बोलू. मी यशवंतसागर आणि बिलावली तलावांच्या पाण्यावर वाढलेली मुलगी, १९७८ ला नर्मदेचं पाणी नळाला आलं तेव्हा आईने अर्धे हंडे माळ्यावर टाकले. ते पाणी नर्मदेवरच्या जलूदहून ७० किलोमीटर उचलून आणतात, ते गच्चीवरून वाहून गेलं की माझा तर जीव तुटतो. टाकीला पाणी भरल्यावर वाजणारा अलार्म मिळतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात सांग, तासाभरात बसवून देतात. बादल्या आणि पिंपांचं मात्र एक लक्षात ठेव, आपल्याकडे एक दिवसाआड पाणी म्हणून सगळे साठवून ठेवतात आणि वरवर ओतून परत भरतात. डेंग्यूचा डास पिंपाच्या आतल्या कडेला अंडी चिकटवून ठेवतो, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून काथ्याने खसाखसा घासायचं आणि झाकण लावायचं. आमच्याकडे हे रविवारचं काम, नातवंडं करतात, भिजायला मिळतं म्हणून भांडतात उलट.

कपडे पाण्याच्या दिवशीच धुवायचे, आणि मशीन सकाळी लावायचंच नाही, संध्याकाळी लाव. सकाळी फक्त माणसं घराबाहेर पडली पाहिजेत, बाकी काही नको.

दुसरं, रात्रीची वीस मिनिटं. भेंडी असेल तर आधी धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची आणि मगच चिरायची, ओली चिरली की सकाळी तार सुटते. मेथी-पालक निवडून सुक्या फडक्यात गुंडाळून डब्यात, चिरायची सकाळीच. बटाटा रात्री चिरू नकोस. राजमा, छोले रात्री भिजले की सकाळी निम्मा गॅस वाचतो, पण राजमा भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि चांगला मऊ होईपर्यंत शिजवायचा, अर्धाकच्चा राजमा पोटाला फार वाईट.

गहू वर्षाचे भरतेस का? नोकरी करणाऱ्या बाईने भरावेतच असं माझं मत आहे, एप्रिलमधले दोन दिवस जातात पण वर्षभर आट्याची विवंचना संपते. उन्हं दाखवून झाली की गहू लगेच कोठीत घालायचे नाहीत, रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यायचे. गरम गहू बंद कोठीत घातले की आत घाम धरतो आणि तिथूनच पोरकिडे लागतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवलेला, ओला अजिबात नाही. आणि दळण पावसाळ्यात दहा किलोच्या वर आणू नकोस, वास लागतो.

---

डबेवाला_बाबा

ताई, मी लोकमान्य नगरचा, दोन मुलांचा बाप. तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलत नाहीये, पण मीही तोच होतो, सांगितलं की करणारा, आणि मला खरंच वाटायचं की मी खूप करतो. बायको एकदा पंधरा दिवस माहेरी ग्वाल्हेरला होती तिच्या बाबांच्या ऑपरेशनला, तेव्हा कळलं की डबा भरणं हे त्या कामाचं शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी भाजी संपत आलीये हे दिसावं लागतं, उद्या शनिवार म्हणून शाळेत फक्त छोटा डबा चालतो हे माहीत असावं लागतं, धाकटीला मटार आवडत नाही, मोठ्याच्या डब्याचं रबर सैल झालंय म्हणून पातळ भाजी द्यायची नाही. हे सगळं ती डोक्यात ठेवायची आणि मी फक्त झाकण लावायचो.

ती परत आल्यावर आम्ही ठरवलं की डबा हे काम माझं, पूर्ण. भाजी आणण्यापासून घासायला टाकण्यापर्यंत. ती विचारणार नाही, आठवण करणार नाही, आणि हे महत्त्वाचं, चूक काढणार नाही. पहिले दोन आठवडे मुलांनी पोहे आणि पराठे आलटून पालटून खाल्ले, कुणाचं काही बिघडलं नाही. आता मी शनिवारी चोइथराम मंडीत जातो, सकाळी लवकर गेलं की भाजी ताजी मिळते, आठवड्याची एकदम आणतो. रविवारी संध्याकाळी कांदा-टोमॅटो-आलं-लसूण परतून वाटण करतो, गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. सकाळी तीन क्यूब कढईत टाकले की भाजीचा अर्धा रस्ता पार. परतताना कांद्याचं पाणी पूर्ण आटवा आणि तेल सुटू द्या, नाहीतर सकाळी कच्चट लागतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की कामं वाटू नका, अख्खं अख्खं काम देऊन टाका. मोटर लाव, बंद कर, टाकी बघ, अशी तीन माणसांत तीन कामं दिली की परत त्यांना जोडणाऱ्या तुम्हीच. पाणी हे एकच खातं करा आणि एका माणसाला द्या. घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?

---

छत्रीबाग_७

वाटणाचे क्यूब वगैरे मला पटत नाही, सॉरी दादा. आमच्याकडे फ्रीझरमधलं कुणी खात नाही आणि चव बदलतेच. मी तर भाजीच सोपी करते, सकाळी फोडणीची कोरडी भाजी, पंधरा मिनिटांत होते, आणि रस्सा असेल तर रात्री सगळे घरी असताना. सकाळचा नाश्ता ठरलेला, आठवड्यातून चार दिवस पोहे, वर शेव आणि जिरावण, इंदूरच्या पोरांना अजून काय हवं.

कणीक रात्री मळून ठेवू नये असं आमच्या आजी म्हणायच्या पण मी ठेवते, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात. रंग थोडा काळसर होतो तो हवेमुळे, सकाळपर्यंत काही होत नाही. दोन दिवस मात्र नाही.

---

डबेवाला_बाबा

@छत्रीबाग_७ बरोबर आहे, ज्याच्या घरात जे खपतं ते. आमच्याकडे आई नाही, दोघंही नोकरीला, म्हणून क्यूबशिवाय गत्यंतर नाही. तुमची कोरड्या भाजीची आयडिया घेतली.

---

नर्मदाकाठ

बाबांच्या गोळीचं वाचून लिहायला बसले, कारण हे सगळ्यात आधी सुधारायला हवं, मोजे आणि डबे नंतर. मेडिकलच्या दुकानात सात दिवसांचा गोळ्यांचा डबा मिळतो, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. रविवारी एकाच माणसाने भरायचा, प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून. मग मंगळवारचा सकाळचा कप्पा रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे नाही घेतली, कुणाच्या आठवणीवर काही राहत नाही. आणि घेतली की नाही अशी शंका असेल तर अंदाजाने दुसरी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करून विचारायचं, तू नाही दिलीस ते योग्यच केलंस.

माझ्या आईला थायरॉइड आहे. ती गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. आमच्याकडे वर्षभर आई ती गोळी चहाबरोबर घेत होती आणि वर कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं हे कुणाला माहीतच नव्हतं. रिपोर्ट सुधारेना म्हणून डॉक्टरांनी एकदा बसवून पूर्ण सकाळ विचारली तेव्हा लक्षात आलं. आता ती गोळी आईच्या उशाशी असते, तांब्याच्या शेजारी, डोळे उघडले की आधी ती. तुझ्या सासूबाईंना किंवा कुणाला असेल तर बघ. सगळ्या प्रिस्क्रिप्शनचे फोटो फोनमध्ये ठेव, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही.

---

राजेंद्रनगरच्या_काकू

हे गोळ्यांचं फार चांगलं सांगितलंस गं. मी उद्याच यांच्यासाठी डबा आणते.

कचऱ्याचं राहिलं. आपल्याकडे सहा प्रकारचा वेगळा द्यावा लागतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला धोक्याचा म्हणजे फुटलेले बल्ब, जुनी औषधं वगैरे. पण रोज सहा डबे नाचवू नकोस. रोज निघतो तो ओला आणि सॅनिटरी, सुका नि प्लास्टिक दोन दिवसांनी, ई-कचरा आणि बल्ब एका खोक्यात, खोकं भरेल तेव्हा. गाडीचं गाणं लांबून ऐकू येतं, ते ऐकलं की धावणारा माणूस एक ठरवून टाक.

---

माळव्याची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दादांनी विचारलं होतं ना सगळ्यात आधी कोण उठतं, तर बाबा. पाच वाजता उठून चहाची वाट बघत बसायचे. मला कधी सुचलंच नाही, उलट त्यांना त्रास नको म्हणून मी मोटर लावायला धावायची. पाण्याचं खातं त्यांना दिलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अलार्म बसवून घेतला, एक वही केली, त्यात पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ होतं ते लिहितात. पिंपं घासायचीही त्यांनी मुलावर सोपवली, स्वतः खुर्ची टाकून समोर बसतात. आईंनी गोळ्यांचा डबा घेतला, बाबांचा आणि स्वतःचा, आणि हो, त्यांना थायरॉइड आहेच, आणि चहाबरोबरच चालली होती गोळी! नर्मदाकाठ ताई, तुमचे किती आभार मानू.

कचरागाडी मुलीकडे. ती शेजारच्या मुलीशी बोलत तिथेच उभी राहते आणि बसला उशीर होतो, यावर अजून उपाय सापडला नाहीये.

यांनी डबा घेतला, सोमवार ते बुधवार. पहिल्या आठवड्यात तीनही दिवस बटाटा होता आणि बुधवारी माझ्या तोंडावर आलं होतं, गिळलं. या आठवड्यात त्यांनी स्वतःहून घोसाळं आणलं, मूगडाळ घालून केलं, मुलाने डबा चाटून पुसून आणला. गुरुवार-शुक्रवार माझे आहेत आणि मला ते आवडतात, मला स्वयंपाक आवडतो हे मी विसरूनच गेले होते.

रात्रीची कणीक आमच्याकडे नाही चालली, आईंना पोळी मऊ वाटत नाही, त्यामुळे सकाळी त्या कणीक मळून देतात आणि मी लाटते. वाटणाचे क्यूब चाललेत.

आज ऑफिसात जेवायला बसले तेव्हा एकदम लक्षात आलं की आज पाण्याचा दिवस होता. सकाळपासून एकदाही डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले तर टाकी भरलेली, वहीत लिहिलेलं, पाच वाजून चाळीस मिनिटं, पाऊण तास, प्रेशर चांगलं.

काकू, गव्हाचं एप्रिलमध्ये तुम्हालाच परत विचारणार आहे. तुम्ही छावणीतून घेता की लक्ष्मीबाई नगर मंडीतून, आणि शरबती घेऊ की लोकवन, तेवढं आत्ताच सांगून ठेवा.