मदत हवी आहे: ‘शिक्षण आणि समाज’ मायनर – ऊसतोड कामगारांच्या मुलांवर प्रकल्प

धागाकर्ती:
बी.ए. दुसरं वर्ष. मेजर अर्थशास्त्र, मायनर ‘शिक्षण आणि समाज’. अंतर्गत गुणांसाठी १५ पानांचा प्रकल्प आहे, हातात ८ आठवडे. विषय घेतलाय ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती’. मार्गदर्शक म्हणतात, फार पसरट आहे. यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) आकडे शोधले, पण हे स्थलांतर त्यात कुठेच दिसत नाही. विषय छोटा कसा करू? आकडे कुठून घेऊ? आणि सिद्धान्त कोणता लावू?

पटनोंदणी:
ताई, आकडे दिसत नाहीत याचं कारण तुमच्या शीर्षकातच आहे. ही मुलं बहुतेक वेळा ‘गळत’ नाहीत. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जातात, मूल सोबत जातं, पण नाव शाळेच्या पटावर राहतं. यू-डायस मुख्यतः पट मोजतं. पटावर आहे पण वर्गात नाही, असं मूल तिथं सापडणार नाही. म्हणून ‘गळती’ काढा, ‘हंगामी गैरहजेरी’ लिहा. जिल्हाही सोडा. एक जिल्हा परिषद शाळा, दोन वर्ग, एक शैक्षणिक वर्ष एवढंच घ्या. १५ पानांना पुरून उरतं.

जुन्या आणि नव्या यू-डायसची थेट तुलना मात्र टाळा. २०२२-२३ पासून माहिती विद्यार्थीनिहाय घेतली जाते, आधी ती शाळेच्या एकूण आकड्यांत यायची. पट कमी दिसला की ‘मुलं शाळा सोडून गेली’ असं लगेच लिहू नका.

‘असर’चे (‘प्रथम’ संस्थेचं शैक्षणिक सर्वेक्षण) आकडे वापरणार असाल तर ते ग्रामीण भागातले आणि घरोघरी जाऊन घेतलेले असतात: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. वाचन-गणिताची पार्श्वभूमी सांगायला चांगले. एका तालुक्याबद्दल त्यातून काहीच म्हणता येणार नाही.

हजेरीपत्रक:
खरा ऐवज हजेरीपटात आहे. फक्त मासिक टक्केवारी उतरवून घेऊ नका, ती फसवते. समजा पट २४, कामाचे दिवस २२. एकूण ५२८ हजेऱ्या व्हायला हव्यात, भरल्या ३९६. म्हणजे ७५ टक्के. आता हे ७५ टक्के दोन तऱ्हेनं येऊ शकतात: सहा मुलं महिनाभर गावातच नाहीत आणि बाकीची रोज हजर, किंवा सगळीच मुलं सरासरी साडेपाच दिवस गैरहजर. पहिलं स्थलांतर, दुसरं बाजार, आजारपण, शेतीची कामं असं काहीही. आकडा तोच, समाज वेगळा.

म्हणून प्रत्येक मुलापुढे दोन रकाने करा: एकूण गैरहजर दिवस आणि सलग सर्वांत लांब गैरहजेरी. जुलै ते एप्रिल महिनावार भरा. ३० दिवसांहून लांब सलग खंड असलेली मुलं वेगळी काढा आणि ती परत कधी आली ते पाहा. पडताळणीसाठी त्याच दिवसांची पोषण आहाराची नोंद घ्या. हजेरी आणि ताटं जुळत नसतील तर तो फरक तसाच लिहा, कुणावर ठपका न ठेवता.

जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण मिळतं. मुलाला शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मूळ शाळा देते ते) दिलं होतं का, गावात हंगामी वसतिगृह होतं का, हेही विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार. मुलाखती जानेवारीत घेतल्या तर चालतील?

हजेरीपत्रक:
जानेवारीत गावात भेटतील ते आजी-आजोबा आणि मागे राहिलेली मुलं. जी गेली त्यांच्याबद्दलच तुम्हाला लिहायचंय, आणि नेमकी तीच निसटतील. नोंदींचं काम जानेवारीत उरका. पालकांशी बोलणं हंगामाआधी किंवा तोड संपल्यावर. ८ आठवड्यांत ते बसत नसेल तर घरी राहिलेल्या आजी-आजोबांवरच लिहा आणि प्रकल्पात ही मर्यादा स्पष्ट नोंदवा. मुलांना कोण सांभाळतं, अभ्यास कोण घेतं, हा स्वतंत्र आणि मोलाचा प्रश्न आहे.

महाविद्यालयाचं पत्र मुख्याध्यापकांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. हजेरीपटाचे फोटो काढू नका, नावांऐवजी क्रमांक उतरवा, आधार क्रमांकाला हातही लावू नका.

वाचनकट्टा:
सिद्धान्ताबद्दल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूचं ‘सांस्कृतिक भांडवल’ सगळेच चिकटवतात. ते घरातली भाषा, सवयी आणि शाळेच्या अपेक्षा यांतलं अंतर समजावतं. इथं मूल वर्गातच नाही, त्यामुळे ते दुसऱ्या पायरीवर येईल: परतल्यावर मागे का पडतं, यासाठी.

पहिल्या पायरीसाठी, म्हणजे मूल वर्गात का नाही यासाठी, महात्मा फुल्यांचं १८८२चं हंटर आयोगापुढचं (ब्रिटिश सरकारचा शिक्षण आयोग) निवेदन मुळातून वाचा. गरीब शेतकऱ्याला गुरं राखायला, शेत सांभाळायला मुलं लागतात म्हणून तो ती शाळेतून काढून घेतो, हे त्यांनी तिथं मांडलंय. त्याच निवेदनात बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणीही आहे. ऊसतोडीतही लहानग्याला सांभाळायला, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला मोठं मूल लागतं. धागा सरळ जुळतो.

मग २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ घ्या. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी तिथं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. तुमच्या तक्त्यातली ३० दिवसांचा खंड असलेली मुलं त्या काळात कुठल्या शाळेत होती, ते शोधा. होती असं कळलं तर त्या शाळेत नोंद आहे का ते विचारा. नोंद कुठेच सापडली नाही, तर निष्कर्षाचं प्रकरण तिथूनच सुरू करा.