टॅरॅगॉन पुण्यात जगतं का? दुसरं रोपही गेलं

गच्चीबाग:
नमस्कार मंडळी, टॅरॅगॉन या स्वयंपाकात घालायच्या वासाच्या पाल्याबद्दल विचारायचंय. आम्ही तीन वर्षं फ्रान्समध्ये लिऑंला होतो, तिथे शेजारच्या आजी रविवारी चिकन करायच्या, लोणी, क्रीम आणि वरून मूठभर टॅरॅगॉन, त्यांच्याकडे त्याला एस्ट्रागाँ म्हणतात. तो वास अजून नाकात बसलाय, बडीशेपेच्या जवळचा पण बडीशेप नाही, जरासा तिखटपणाही असतो त्याला. पुण्यात आल्यापासून लावायचा प्रयत्न चाललाय. पहिल्यांदा ऑनलाइन बी मागवलं, धडाधड उगवलं, कमरेपर्यंत वाढलं, पण पान चुरडलं की नुसतं गवत. मग गेल्या वर्षी एका नर्सरीतून रोप आणलं, ते मात्र खरंच वासाचं होतं, जानेवारी-फेब्रुवारीत मस्त फुटलं, एप्रिलमध्ये खालून पिवळं पडायला लागलं म्हणून मी पाणी वाढवलं, आणि जूनच्या पहिल्या दोन पावसांतच गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटांत धरली की साल सुटून हातात येत होती. यंदा परत तसंच रोप आणलं, परत तसंच झालं. गच्चीवर दिवसभर ऊन आहे, माती, शेणखत, कोकोपीट सारख्या प्रमाणात घेते. कुठे चुकतंय? आणि इथे कोणी याचं काही करून खातं का?

रानवारा:
ताई, बियांचं आधी सांगतो, कारण यात खूप लोक फसतात. फ्रेंच टॅरॅगॉनला पेरण्याजोगं बी धरतच नाही, ते फांदीपासून किंवा मुळांचा ठोंब वेगळा करूनच वाढवावं लागतं. बियांच्या पाकिटातून येतं ते बहुतेक वेळा रशियन टॅरॅगॉन, अंगाने दणकट पण चवीला फिकं. ओळखायची खूण सोपी आहे, एक पान नीट चावून बघा, फ्रेंच असेल तर जिभेचं टोक थोडं बधीर होतं.

आता रोप का मरतं. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते, थंडीत वरचा भाग पूर्ण वाळतो आणि वसंतात मुळातून परत फुटतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही म्हणून झोप नाही, मग उन्हाळ्यात ते दमतं, आणि वर पावसात मुळं ओली राहिली की कुजतात. पिवळं पडल्यावर पाणी वाढवलंत तिथेच घात झाला, आणि कोकोपीट पाणी धरून ठेवतं, या झाडाला ते नकोच. मातीची कुंडी घ्या, अर्धी जाड वाळू, खत अगदी कमी. तरी मी म्हणेन की पुण्यात ते ऑक्टोबर ते मार्चचं पाहुणं समजा, दरवर्षी नवीन फांदी लावा, मार्चअखेर कापून वापरून टाका.

एक गंमत, चैत्रात जोतिबाला वाहतो तो आपला दवणा याचाच भाऊबंद आहे, दोघंही आर्टेमिशिया कुळातले. पान बोटांवर चोळून बघा, वास वेगळा पण चिवट तसाच.

ह्यूस्टनकर:
मी इथे टेक्सासमध्ये आहे, उन्हाळा चाळीसच्या जवळ आणि दमट, फ्रेंच टॅरॅगॉन इथेही टिकत नाही. इथले बागवाले सगळे मेक्सिकन टॅरॅगॉन लावतात, शास्त्रीय नाव टॅजेटिस लुसिडा, म्हणजे चक्क झेंडूच्या कुळातलं झाड. अरुंद चकचकीत पानं, गुडघ्याच्या वर उंची, आणि दिवस लहान व्हायला लागले की छोटी पिवळी फुलं. ऊन त्याला आवडतं, फांदी जमिनीला टेकली तरी मुळं फुटतात, बीही उगवतं. चव फ्रेंचसारखीच, थोडी जास्त गोड.

मेक्सिकोत याला पेरिकोन म्हणतात, मक्याची कणसं उकडताना पाण्यात टाकतात. आणि मोरेलोस भागात २८ सप्टेंबरला या फुलांचे क्रूस करून दारावर आणि शेतावर लावतात, पुढे काही दिवसांत आपल्याकडे दसऱ्याला झेंडूचं तोरण. झेंडूही मूळचा तिकडचाच, म्हणून मला ते दोन सण शेजारी शेजारी वाटतात.

गच्चीबाग:
किती छान माहिती! दादा, दवण्याचं तर माहीतच नव्हतं, आई दरवर्षी आणते. मेक्सिकनने ते चिकन जमेल का पण? वास उडून जातो का शिजवताना?

खमंग:
जमतं, मी ठाण्यात चार वर्षं हेच वापरतेय. वास उडतो, म्हणून गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधीच घालायचं, सुरुवातीला घातलंत तर शेवटी काहीच उरत नाही. माझी पद्धत सांगते. अर्धा किलो चिकनचे मोठे तुकडे मीठ-मिरी लावून लोण्यात दोन्हीकडून सोनेरी करायचे, बाजूला काढायचे, त्याच पातेल्यात एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही, मग एक चमचा व्हिनेगर आणि वाटीभर चिकनचं पाणी, तळाला चिकटलेलं उलथन्याने खरवडून घ्यायचं कारण खरी चव तिथेच असते, चिकन परत घालून झाकण ठेवून वीस मिनिटं. शेवटी अर्धी वाटी फ्रेश क्रीम, ते उकळू द्यायचं नाही, आणि दोन मोठे चमचे चिरलेली पानं. गरम मसाला, आलं-लसूण काही नको, हात शिवशिवतात पण आवरायचं, नाहीतर टॅरॅगॉन लपतं.

शाकाहारी लोकांसाठी, छोटे बटाटे उकडून लोणी, मीठ आणि ही पानं. फरसबी, गाजरावरही तसंच. वाळवून ठेवू नका, वाळलं की वास जातो. त्यापेक्षा फांद्या धुऊन पूर्ण कोरड्या करून व्हिनेगरच्या बाटलीत दोन-तीन आठवडे ठेवा (सिंथेटिक लिहिलेलं व्हिनेगर घेऊ नका), काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर घातलं तरी कळतं.

आईची_डायरी:
माझी मुलगी जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलला आहे म्हणून लिहितेय. तिकडे टॅरॅगॉनला टारखुना म्हणतात आणि त्याचं हिरवंगार गोड सोडा मिळतं, बाटल्यांमधून. बाजारात कोथिंबिरीसारख्या जुड्या असतात, चीज आणि ब्रेडबरोबर कच्चीच खातात. वसंतात कोकराचं मटण, आंबट हिरवे प्लम, पांढरी वाईन आणि भरपूर टॅरॅगॉन घालून चकापुली नावाचा रस्सा करतात. मुलीचा फोटो बघून मी साखरेच्या पाकात पानं मुरवून, लिंबू पिळून, सोडा घालून केलं, रंग तेवढा नाही आला पण घरात सगळ्यांनी परत मागितलं.

खमंग:
ताई, हे मी उद्याच करणार! आणि गच्चीबाग, बी शोधत बसू नका. आत्ता पाऊस आहे तोवर मेक्सिकनची फांदी सहज लागते, बोटभर लांब, खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचायची, सावलीत ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. मी पुढच्या शनिवारी पुण्यात येतेय, ओल्या फडक्यात गुंडाळून पाच-सहा फांद्या आणते, मेसेज करा.