ठाण्यात माणसं नाहीत म्हणून तक्रार घेत नाहीत, दाद कुठं मागायची? (बेळगाव जिल्हा)

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात आमच्या बाजूला शेतातल्या पंपांच्या केबली चोरीला जाताहेत. ठाण्यात गेलं की ‘स्टाफ विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्ताला गेलाय, नंतर या’ असं सांगतात. अर्ज ठेवून घेतात, पण पोच देत नाहीत. ठाण्याला मंजूर पदं किती आणि हजर किती, हे कागदावर कसं मिळवायचं? गुन्हा नोंदवत नसतील तर पुढची पायरी कोणती? पोलिस तक्रार प्राधिकरणाचा इथं उपयोग होतो का? आणि हे सगळं मराठीत लिहिलेलं चालतं का?

जुना_कारकून
आधी एक पथ्य पाळा. हे सगळं एका अर्जात कोंबू नका. कोंबलंत की वरचं ऑफिस ‘योग्य कारवाईसाठी’ असा शेरा मारून तो अर्ज त्याच ठाण्याकडे धाडतं.

चोरीच्या तक्रारीत केबलची लांबी, जाडी आणि आजच्या भावाने किंमत लिहा, बिल असेल तर जोडा. भारतीय न्याय संहितेत 5000 रुपयांखालची किरकोळ चोरी अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशी, होऊ शकते, त्यामुळे किंमत न लिहिलेला अर्ज बाजूला सारणं सोपं जातं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं गुन्हा नोंदवण्याबद्दलचं कलम 173 लागू आहे. तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ या उत्तरालाही मुदत आहे. परवानगी कधी घेतली, एवढं लेखी विचारा.

नोंदच करत नसतील तर 173(4) खाली तक्रारीचा मजकूर एसपींना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून, 175(3) चा अर्ज करायचा. त्यासोबत शपथपत्र लागतं आणि एसपींकडे जाऊन आल्याचा पुरावाही लागतो. पुष्कळांचा अर्ज अडतो तो इथंच, कारण मधली पायरी गाळलेली असते. ठाण्याने तक्रार बंद केली तर एंडोर्समेंट, म्हणजे ठाण्याचं लेखी उत्तर, कानडीत हिंबरह, मागून घ्या. त्यात कारण लिहावं लागतं.

खानापूर, निपाणी, चिकोडी वगैरे ठाणी एसपींकडे येतात. टिळकवाडी, कॅम्प, मार्केट, शहापूर, काकती, मारिहाळ ही शहर पोलिस आयुक्तालयात. पत्ता चुकला की कागद या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहतो.

सीमेवरचा_वकील
भाषेचं बघू. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत द्यायला घटनेचं कलम 350 पुरेसं आहे: संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. तोंडी फिर्याद दिलीत तर लिहून घेतलेला मजकूर तुम्हाला वाचून दाखवणं बंधनकारक आहे. कानडी वाचता येत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. कलम 6(1) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा लागतो. इथं मराठीचा हट्ट धरलात तर अर्ज भाषेवरच अडेल. शिवाय कर्नाटकच्या नियमात एक अर्ज, एक विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. एसपी ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला एवढंच विचारा: अमुक तारखेला अमुक ठाण्यात एएसआय, हेड कॉन्स्टेबल आणि कॉन्स्टेबल यांची मंजूर पदं, हजर संख्या आणि ओओडीवर, म्हणजे ठाण्याबाहेरच्या दुसऱ्या कामावर, असलेल्यांची संख्या. नावं मागू नका, नावांवरून नकार द्यायला वाव मिळतो. खरी गोम ओओडीच्या आकड्यात असते. कागदावर ठाणं भरलेलं आणि माणसं कोर्टात, समन्स बजावायला, नाहीतर दुसऱ्याच ऑफिसात. तारीख दोनदा निवडा, एक साधी आणि एक डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतानाची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

बंदोबस्त_बघ्या
‘भरती निघालीय, आता माणसं येतील’ असं कुणी सांगितलं तर जाहिरात कुठल्या शाखेची आहे ते बघा. सशस्त्र राखीव दलाची, म्हणजे जिल्ह्यात डीएआर आणि शहरात सीएआर, ही भरती दहावीवर होते. ही मंडळी बंदोबस्त आणि कैदी ने-आण करतात, तुमच्या ठाण्यात तपासाला येत नाहीत. ठाण्याला लागतो सिव्हिल कॉन्स्टेबल, त्याला पीयूसी, म्हणजे बारावी, लागतं. धावणं, गोळाफेक आणि लेखी अशा परीक्षा असतात. लेखी पेपर कानडी आणि इंग्रजीत, त्यामुळे मराठी शाळेतली पोरं धावण्यात पुढं असूनही लेखीत मागं पडतात. त्यांना सहावीपासून कानडी पक्कं करून घेणं जास्त कामाचं. निवड झाली तरी प्रशिक्षण संपेपर्यंत ठाण्याच्या पटावर कुणी दिसत नाही. खानापुरात प्रशिक्षण विद्यालय आहे, तिथल्या कवायतीच्या रांगा बघून हुरळू नका!

भरतीच अडकू शकते हेही ध्यानात ठेवा. 545 पीएसआय पदांची ऑक्टोबर 2021 ची परीक्षा गैरप्रकारामुळे एप्रिल 2022 मध्ये रद्द झाली, फेरपरीक्षा झाली जानेवारी 2024 मध्ये. तोवर ती पदं रिकामीच.

सीमेवरचा_वकील
पोलिस तक्रार प्राधिकरणाचं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या प्रकाश सिंग निकालात असं प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि कर्नाटकाने 2012 मध्ये पोलिस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. डीवायएसपीपर्यंतच्यांविरुद्ध जिल्हा पातळीवर, एसपी आणि त्यावरच्यांविरुद्ध राज्य पातळीवर. विषय गंभीर गैरवर्तनाचे: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार. जिल्हा पातळीवर खंडणी, जमीन बळकावणं आणि अधिकाराचा मोठा गैरवापर हेही. ‘स्टाफ नाही’ किंवा ‘केबलचोरी नोंदवली नाही’ एवढ्यावर तिथं फारसं काही हाती लागणार नाही. तक्रार केल्याबद्दल धमकावलं, पैसे मागितले, मारलं, तर मात्र जरूर जा. पैसे मागितले असतील तर लोकायुक्त, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारं ऑफिस, जास्त थेट आहे. मानवाधिकार आयोगाची मुदत घटनेपासून एक वर्ष.

मलप्रभाकाठ
ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज मागता येतं का? आम्ही किती वेळा गेलो ते त्यात दिसेल.

जुना_कारकून
मागता येतं, पण लगेच मागा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये 18 महिने साठवायला सांगितलंय. प्रत्यक्षात डिस्क भरली की जुनं पुसलं जातं किंवा ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर येतं. म्हणून तारीख आणि अंदाजे वेळ लिहून ‘फुटेज जपून ठेवा’ असा अर्ज एसपींना आधी पोस्टाने टाका, प्रत मागणं नंतर.