आरएनए एडिटिंग : संपादन, दुरुस्ती की फेरफार?

माणगंगा
जनावरांच्या सर्रा रोगावर एका मासिकासाठी लेख लिहितेय. तो ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीमुळे होतो, म्हणून त्याच्या कुळातल्या आरएनए एडिटिंगवरही, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या आरएनए या नकलेत नंतर होणाऱ्या बदलांवरही, थोडं लिहिलंय. मी 'संपादन' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'दुरुस्ती' केलं आणि समासात लिहिलं, 'संपादन म्हणजे मिळवणे, भूसंपादन आठवा.'

मला दुरुस्ती पटत नाही. १९८६ साली ॲम्स्टरडॅममध्ये रॉब बेने यांच्या गटाला ट्रिपॅनोसोमाच्या तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचा ऊर्जा तयार करणारा भाग) एका आरएनएत यू हे रासायनिक अक्षर चार वेळा जास्तीचं दिसलं, डीएनएत ते नव्हतंच. पुढे सीओ-३ या जनुकाच्या आरएनएत तर ५४७ यू घातलेले आणि ४१ काढलेले सापडले. तयार आरएनएचा निम्म्याहून जास्त भाग नंतर भरलेला! याला दुरुस्ती म्हटलं की मूळ चुकलेलं होतं असं ठरतं. तसं म्हणता येईल का?

वाईकर
संपादनच ठेवा. भूसंपादन, ज्ञानसंपादन आणि वर्तमानपत्राचं संपादन तिन्ही एकाच भाषेत सुखाने नांदतात. आमच्या वाईत विश्वकोशाचं संपादन झालं, तेव्हा कुणी जमीन घेतल्याचं समजलं नाही. माझी शंका वेगळी आहे. संपादन म्हटलं की संपादक आला. इथे तो कोण?

माणगंगा
मार्गदर्शक आरएनए. कायनेटोप्लास्टमध्ये, म्हणजे तंतुकणिकेतल्या डीएनएच्या गाठोड्यात, डीएनएची काही मोठी वर्तुळं असतात आणि हजारो छोटी. जनुकं मोठ्या वर्तुळांवर, यू कुठे घालायचे आणि कुठून काढायचे ते सांगणारे छोटे आरएनए बहुतेक छोट्या वर्तुळांवर. १९९०मध्ये ते सापडले. कापणं, भरणं, सांधणं हे काम प्रथिनं करतात.

निवृत्त भाऊसाहेब
तलाठी म्हणून नोकरी झाली, म्हणून सांगतो. तुम्हाला हवा तो शब्द गाव नमुना सहामध्ये आहे, फेरफार. त्यात चूक-बरोबरचा निवाडा नसतो, बदलाची नोंद असते.

तासगावची सून
भाऊसाहेब, फेरफार मंजूर झाला की सातबाराच बदलतो ना? इथे उलट आहे. डीएनएचं दप्तर जसंच्या तसं राहतं आणि दर वेळी फक्त हातात दिलेली आरएनएची नक्कल बदलते. शिवाय जमिनीच्या फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. अकरावीची मुलं त्याची उत्परिवर्तनाशी गल्लत करतील. मी शिकवते, मला निस्तरावं लागेल.

शब्दनिष्ठ
फेरफार, दुरुस्ती, नक्कल! शास्त्रात फारसी कशाला? 'संस्करण' घ्या.

निवृत्त भाऊसाहेब
दुरुस्ती आणि नक्कल बाहेरून आले, मान्य. पण फेरफार आपल्या 'फिरणे'तला आहे. आणि बाहेरून आला तरी काय बिघडलं? तीन पिढ्या शेतकरी हा शब्द वापरतोय. संस्करण कोणत्या गावात बोलतात ते सांगा.

शब्दनिष्ठ
बोलत नाहीत म्हणूनच वापरायला हवा. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. महापौर असाच रुळला.

तासगावची सून
मूळ प्रश्नावर एक. माझ्या सासरी सोंगी भजनात म्हणायचे, 'सोंग बरोबर संपादलं', म्हणजे आणलेलं सोंग शेवटपर्यंत निभावलं. संपादणे म्हणजे पुरं करणे. अर्धवट आरएनए पुरा होतो, त्याला याहून चांगला शब्द नाही.

दुरुस्तीला माझाही विरोध आहे. १९९३मध्ये कोव्हेलो आणि ग्रे या शास्त्रज्ञांनी मांडलेला विचार असा की यू भरण्याची सोय आधी आली, तीही दुसऱ्याच कामाच्या प्रथिनांमधून, गरज नसताना. ती आहे म्हणून डीएनएत झालेली मोडतोड खपून गेली. मोडतोड साठत गेली आणि मग सोय काढून टाकणं अशक्य झालं. म्हणजे चूक झाली म्हणून दुरुस्ती आली, हा क्रमच उलटा. सगळ्यांना हा विचार मान्य नाही, पण शब्दानेच निकाल देऊन टाकू नये.

गुरांचा डॉक्टर
ताई, सर्रा म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. त्याच्याकडं मोठी वर्तुळंच नाहीत. ज्यावर एडिटिंग व्हायचं तो मजकूरच गेलाय, मग लेखात ते कशाला?

माणगंगा
लेख त्याच्याचसाठी आहे, डॉक्टर. त्याचा भाऊबंद ब्रुसेई आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या पोटात वाढतो, तिथे त्याला तंतुकणिकेची ही जनुकं लागतात. इव्हान्सीने ती माशी सोडली. एटीपी सिंथेज या ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनातल्या एका बदलामुळे त्याचं रक्तात त्यांच्याशिवाय भागतं. म्हणूनच तो आफ्रिकेबाहेर पडू शकला. एवढा खटाटोप टाकून देणारा जीव आपल्या गोठ्यात आहे, हे लोकांना कळायला हवं.

शब्दनिष्ठ
आणि 'परजीवी' का? परोपजीवी म्हणा. दुसऱ्यावर उपजीविका करतो तो.

वाईकर
परजीवी सुटसुटीत आहे, छापातही आहे.

निवृत्त भाऊसाहेब
आम्ही बांडगूळ म्हणायचो.

तासगावची सून
बांडगूळ झाडावरचं, भाऊसाहेब. ते हिरवं असतं, स्वतःचं अन्नही थोडं करतं.

गुरांचा डॉक्टर
शब्द कुठलाही घ्या, पण लेखात एक गोष्ट टाकाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला इव्हान्सी झाला होता, २००४ साली. आपल्या रक्तात त्याला मारणारं एपीओएल-१ प्रथिन असतं, त्या माणसात ते काम करत नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. आणि सर्रा पसरवणारी माशी नीट लिहा. गोमाशी म्हणा, नुसती माशी नको.

निवृत्त भाऊसाहेब
आमच्या घरी घोडमाशी म्हणतात. तीच का?

गुरांचा डॉक्टर
मोठ्या डोळ्यांची, दिवसा चावणारी असेल तर तीच. एका जनावरावर तिचं पोट भरलं नाही की लगेच दुसऱ्यावर बसते, तोंडाला लागलेलं रक्त घेऊन. तुमच्या घरची बैलाच्या पोटावर बसते की पायांवर, ते सांगा.