आईचा मोगरा कुंडीत दाटलाय, हात लावू की नको?

जुनीफांदी: आईने लावलेला मोगरा ती गेल्यापासून माझ्याकडे आहे. कुंडी अजून तीच, मातीची. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आलीत आणि पाणी घातलं की माती भिजायच्या आत खालून निघून जातं. यंदा कळ्या जेमतेम धरल्या. खोड अंगठ्याहून जाड आहे, बुंध्याशी एका बाजूला पोकळ झालंय. भाऊ म्हणतो, कुंडी फोडून जमिनीत लाव. माझा हात धजत नाही. हे झाड दगावलं तर बाजारातून दुसरा मोगरा आणून माझं भागणार नाही. आईच्या हातची छाटणी त्या खोडावर अजून दिसते. बहिणीलाही यातलंच रोप हवंय. आधी काय करू?

ओलीमाती: ताई, आधी रोपं करा, मग कुंडीकडे वळा. एकुलत्या एका झाडाची मुळं कधीच छाटू नयेत. भरगच्च पाकळ्यांचा मोगरा सहसा बी धरत नाही, म्हणून तो कलमानेच वाढवतात. आईनेही तो बहुतेक कुणाच्या तरी फांदीवरूनच लावला असणार. बहिणीकडे जाईल ते रोप जातीने अगदी हेच असेल, हा भरवसा ठेवा.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे दाब कलम. खालची लवचीक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवा. पेराखालची साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. माती ओलसर हवी, चिखल नको. फांदी आईच्या झाडावरच पोसत असते, त्यामुळे मुळं नाही फुटली तरी काही गमावत नाही. साधारण दोन महिन्यांनी हलकेच ओढून पाहा. धरून ठेवल्यासारखी वाटली तरच कापा. पावसाळा याला उत्तम.

अंगणवेल: फांदी खाली वाकत नसेल तर गुटी बांधा, म्हणजे झाडावरच फांदीची थोडी साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. जोडीला १०–१५ सेंमीच्या, अर्धवट पिकलेल्या काड्याही लावा. खालची पानं काढायची, कुंडी सावलीत ठेवायची. सगळ्या जगत नाहीत, म्हणून भरपूर लावा.

जुनीफांदी: एक फांदी वाकतेय! तीच दाबते. आणि जुन्या झाडाचं काय?

ओलीमाती: रोपं नीट धरली की थंडी ओसरताना त्याला बाहेर काढा. कुंडीच्या कडेने गोल फिरलेली मुळं सुटी करा, बाहेरचा पातळ थर छाटा, नवी माती आणि कुजलेलं शेणखत घाला. कुंडी जराशीच मोठी घ्या, फार मोठीत पाणी साचून मुळं कुजतात. फांद्याही त्याच वेळी आखडत्या करा. मोगरा नव्या फुटव्यावर कळ्या धरतो. नंतर आठवडाभर सावली, मग भरपूर ऊन. भावाचं जमिनीचं म्हणणं चुकीचं नाही, पण तिथे नवं रोप लावू दे. जुनं खोड जमिनीत गेलं की पुन्हा हलवणं अवघड, आणि घर बदललंत तर ते मागे राहील.

जुनीफांदी: हे पटलं. जमिनीतलं भावाचं, दुसरं बहिणीचं, कुंडी माझ्याकडे. त्या पोकळीत सिमेंट भरू का?

ओलीमाती: नको. आत ओल कोंडते आणि कूज वाढते. भुसभुशीत झालेलं हाताने काढा, पाणी साचणार नाही एवढं बघा, बाकी तसंच राहू द्या.